घुबडरावाचे चाहते

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की माणसं काय करतात? घंटी बडवतात, देवाचा धावा करतात, नाहीतर सरळ भोकाड पसरतात. ही बया मात्र आत बसून खो-खो हसत होती.

दुरुस्तीला आलेल्या लिफ्टवाल्याने वरून दार फटभर उघडलं आणि विजेरी खाली धरली. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक मुलगी फरशीवर फतकल मारून बसली होती. मांडीवर कॉमिक.

"बऱ्या आहात ना?"

"आहे हो! थांबा जरा... एवढं पान होऊ दे."

"घुबडराव?" त्याचा आवाजच बदलला. "सर्दी होते तो अंक? त्यात शेवटी तो चोर—"

"खबरदार! शेवट सांगितलात तर मी इथनं हलणार नाही!"

घुबडराव म्हणजे रात्री ढाराढूर झोपणारा आणि दिवसाढवळ्या चोर पकडायला जाऊन खांबाला धडकणारा गुप्तहेर. लहानपणी टीव्हीवर त्याचं कार्टून लागायचं. पुढे सगळे विसरले, पण काहींचं वेड काही गेलं नाही. अशी वेडी माणसं रविवारी सकाळी शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत जमत. लिफ्टवाल्याने तिला वर ओढून घेतलं, हात जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ धरला आणि त्या खोलीचा पत्ता दिला.

ती गेली, ते जातच राहिली. कापडाच्या चिंध्यांत बसून ही घोडी झालेली माणसं एकमेकांच्या अंकांवर तुटून पडायची. लिफ्टवाला घुबडरावाचा आवाज काढून वाचायचा, नाकात बोलायचा. सगळे हसायचे, पण तो बघायचा तिच्याकडेच. ती हसली का... एवढंच. अहो-जाहो कधी गेलं आणि अरे-तुरे कधी आलं, दोघांनाही कळलं नाही.

"चष्मे बनवतेस, पण तुला स्वतःला काही दिसत नाही," तो एकदा म्हणाला.

"काय दिसायला हवं?"

"जाऊ दे... पान उलट."

दिसत होतं हो तिला सगळं! पण पहिलं पाऊल त्याने टाकावं, एवढाच हट्ट होता. आणि तिथेच घोळ झाला.

एका रविवारी तो पिशवी भरून अंक घेऊन आला आणि वाटत सुटला. वाचायला नव्हे, कायमचे! पहिल्या वर्षाचे, जिवापाड जपलेले. मग शिंपीकाकांनी मांडीवर थाप मारली.

"लबाडा! लग्न ठरलं ना तुझं?"

या मंडळींत तो अलिखित नियमच होता. लग्न ठरलं की घरात नवी माणसं येणार, ती नावं ठेवणार, म्हणून कपाट रिकामं करायचं. आजवर जो जो अंक वाटत आला, तो तो बोहल्यावर चढला होता. लिफ्टवाला नुसता हसला. नाही म्हणाला नाही.

त्याने पुढे केलेला अंक तिने घेतला नाही.

"होणाऱ्या बायकोलाच दे. तिला अक्कल असली तर वाचेल," ती फणकारली. "आणि माझ्याकडे बघून हसणं आता बंद कर. शोभत नाही."

त्याने अंक परत पिशवीत ठेवला. "बरं," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी त्याची धाकटी बहीण उरलेलं खोकं घेऊन आली. "दादाने पाठवलंय."

"नवरदेव कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"कसला नवरदेव, काका?" तिला रडू फुटलं. "डोक्यात गाठ आहे त्याच्या. उद्या ऑपरेशन आहे. वाचला तरी ओळख राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

चष्मेवाली तशीच उठली. इस्पितळात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोक्याचा तुळतुळीत गोटा. तिला बघून आधी त्याने चादर डोक्यावर ओढली.

"का नाही बोललास?" ती ओरडलीच. नर्सने वळून पाहिलं.

"तू रागावलीस ना, तेव्हा वाटलं, बरंच झालं. राग आला की माणूस लवकर विसरतो. तू सुटशील..."

"मूर्खा, मी रागावले कारण माझा तुझ्यावर जीव आहे!"

त्याने चादर खाली केली.

"माझाही," तो म्हणाला. "त्या लिफ्टमधून काढलं तेव्हापासून. आता सांगून काय उपयोग, म्हणून गप्प होतो. घाबरलोय गं मी."

ती त्याचा हात धरून बसून राहिली. भेटीची वेळ संपली तेव्हा नर्सने तिला अक्षरशः दंड धरून बाहेर काढलं.

तो वाचला. पण डॉक्टरांनी जी भीती घातली होती, ती खरी ठरली. आईला त्याने ओळखलं, बहिणीला चाचपडत ओळखलं. अलीकडची वर्षं मात्र कोणी पुसून टाकावीत तशी गेली, आणि मागचंही बरंच काही गेलं.

ती भेटायला गेली आणि पलंगापासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसली. बहिणीने त्याच्या हातात कॉमिक दिलं. त्याने मुखपृष्ठावरून बोट फिरवलं.

"हा पक्षी कोण आहे?"

इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला तेव्हा आवरलं नाही. ज्याने घुबडरावाला आवाज दिला, तोच विचारत होता!

"अहो, तुम्ही का रडताय?" तो कावराबावरा झाला. "आपली... ओळख आहे का?"

बहिणीने मान फिरवली. चष्मेवालीने डोळे पुसले. आता हट्ट कुणाशी करणार?

"आहे," ती म्हणाली. "तुमचं माझ्यावर प्रेम आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत असावा. काहीच आठवलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"आणि तुमचं?"

"माझंही."

"मग एवढ्या लांब का बसलात?"