तिसरी हाक

शेवंताआत्याने दारासमोर उभं राहून मला हाक मारली, तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. एरवी यात विशेष काही नव्हतं. आत्या या धरणकाठच्या वाड्यांची नर्स होती आणि नेमकं जेवणाच्या वेळेलाच टपकायची तिला सवय होती. पण तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"निशेऽ! हायस का घरात?"

तोच आवाज. जरासा घोगरा, शेवटचं अक्षर ओढणारा. माझ्या तोंडून ओ निघणारच होती, तेवढ्यात आईचा उष्टा हात माझ्या तोंडावर बसला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नको म्हणून नुसती मान हलवली. बाहेर धुक्यात काहीतरी क्षणभर थांबलं, मग बारीक घरघर करत पुढं सरकलं, आणि शेजारच्या दाराशी पुन्हा आत्याचाच आवाज आला.

"गोदाक्का! गुडघा काय म्हणतोय?"

गोदाक्का गेल्या उन्हाळ्यात वारली. तिच्या घराला कुलूप आहे.

आमच्या कातळवाडीत लहान मुलांना एक गोष्ट बोलायला शिकल्याबरोबर सांगतात. नावानं हाक आली, की लगेच ओ द्यायची नाही. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो, कारण त्याचं तुमच्याकडे काम असतं. जे जिवंत नाही ते एकदाच हाक मारतं, आणि जो ओ देतो त्याला बरोबर घेऊन जातं. एरवी हे कोणी फारसं पाळत नाही, मी तर मुळीच नाही. पण धुकं दाटलं आणि आजारपण आलं, की सगळ्यांना सगळं आठवतं.

आजारपण तर दाराशीच आलं होतं. निळताप. या तापात आधी ओठ निळे पडतात आणि मग श्वास पुरेनासा होतो. आत्या त्याच्याच पहिल्या साथीत गेली, माणसांना औषधं पोचवता पोचवता. आता तो परत आला होता. पाण्यापलीकडच्या तोरणेवाडीतल्या देवळाची घंटा दोन दिवस वाजली नव्हती. वादळात टॉवर पडल्यापासून आमचे फोनही मुके झाले होते, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

आणि आमच्या घरात बाळ होतं. माझा भाऊ, जेमतेम अडीच महिन्यांचा. त्याचं बारसंसुद्धा राहिलं होतं. साथीत माणसं कशी जमवायची? आणि बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, ती कुठून आणायची? एकुलती एक आत्या होती. म्हणून सगळे त्याला नुसतं 'बाळ' म्हणायचे. रात्री तो शिंकला तरी आई उठून दिवा लावायची आणि त्याचे ओठ बघायची. मीही बघायचे. मला तेवढी एकच भीती होती, पण ती दिवसभर पोटात असायची.

तो आवाज दारोदार फिरला. कोणीही ओ दिली नाही. "कुनी आवाज देऊ नगा रं!" एवढंच आबांचे चुलते, म्हणजे आमचे नाना, खिडकीतून ओरडले. वाडीत त्यांचा शब्द चालतो.

आवाज थांबल्यावर आई बाळाला निजवायला गेली आणि मी हळूच बाहेर डोकावले. अंगणातल्या ओल्या मातीत खुणा उमटल्या होत्या. भुताचे पाय उलटे असतात असं मी ऐकलं होतं, पण भुताला टायर असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

माग धरून मी लाँचच्या धक्क्यापर्यंत गेले. तिथं ते उभं होतं, माझ्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. माझ्यापेक्षा थोडं उंच, पांढऱ्या पत्र्याचं, पाठीवर एक पेटी. मी जांभळीच्या आड दबून राहिले. धुकं इतकं होतं, की पाणी कुठं सुरू होतं तेही दिसत नव्हतं. त्या धुक्याकडे बघून ते आत्याच्या आवाजात म्हणालं, "शेवंता कदम! हायस का गं?"

समोरच्या डोंगरावरून हाक परत आली. ते उत्तराची वाट बघत थांबलं.

पळावंसं वाटलं, पण पाय हलेनात. आणि बरंच झालं हलले नाहीत ते, कारण तेवढ्या वेळात डोकं चालायला लागलं. भूत स्वतःलाच कशाला हाक मारेल? आपण गेलोय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

"ती न्हाई," मी झाडाआडून म्हणाले. "ती वारली. तू कोन हाईस?"

ते वळलं. तोंडाच्या जागी सपाट काळी काच होती, त्यात माझाच घाबरलेला चेहरा दिसला.

"मी लसदूत. घरोघर जाऊन लस टोचणारं यंत्र." आवाज आत्याचाच, भाषा मात्र पुस्तकातली. ते ऐकायला फार विचित्र वाटत होतं. "हा आवाज शेवंता कदम यांनी दिला. पहिल्या साथीच्या सुरुवातीला आरोग्य खात्यानं नर्सना विचारलं होतं, की लोकांनी यंत्राला घाबरू नये म्हणून तुमचा आवाज द्याल का? त्यांनी या धरणकाठच्या प्रत्येकाचं नाव बोलून ठेवलं. त्या वारल्याचं मला कोणी कळवलं नाही."

लोकांनी घाबरू नये म्हणून! मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं.

"आमची मोजकी चार घरं. त्येंच्यासाठी येवड्या लांब कशाला आलास?"

"निळताप विषाणूमुळे होतो," ते म्हणालं. (विषाणू म्हणजे इतका बारीक जंतू, की त्याला स्वतःची चूलही नसते. तो आपल्या शरीरातल्या पेशीत घुसतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला करून घेतो.) "शाळेत एकीच्या वहीतून दुसरी उतरवते, दुसरीच्या वहीतून तिसरी. मग काय होतं?"

"चुका व्हत्यात. मागच्या बाकावर तर धडाच येगळा निघतो."

"विषाणूच्या नकलांतही तसंच होतं. त्याला उत्परिवर्तन म्हणतात." (म्हणजे नक्कल करताना झालेला बदल.) "बहुतेक चुका त्याला निकामी करतात. पण एखादीमुळे त्याचं रूप असं पालटतं, की जुनी लस घेतलेल्या शरीरालाही तो नीट ओळखू येत नाही. जितकी माणसं आजारी, तितक्या नकला, तितक्या चुका. पहिल्या साथीत काही देशांनी लस आपल्यापुरती साठवली आणि बाकीचे वाट बघत राहिले. त्या वाट बघणाऱ्यांमध्ये विषाणू नकला काढत राहिला आणि नव्या रूपात परत निघाला. तो लस साठवणाऱ्यांच्या घरातही शिरला."

"मग आता?"

"आता ठरलंय, की विषाणूचं नवं रूप जिथं दिसेल तिथल्या डॉक्टरांनी ते लगेच साऱ्या जगाला कळवायचं, आणि लस सगळ्यांनी वाटून घ्यायची. हे रूप आफ्रिकेतल्या एका सरोवराकाठच्या दवाखान्यानं ओळखलं. लस आपल्या देशात बनली. माझी चाकं एका देशातली आहेत, बर्फाची पेटी दुसऱ्या देशातली. धक्क्यापर्यंत सगळं जमलं. धक्क्यापासून दारापर्यंतचं जमत नाही. या काठावरच्या वाड्यांत एकही दार उघडलं नाही. जगाच्या नकाशावर इथं लाल ठिपका आहे. त्याच्याखाली लिहिलंय, 'लोकांचा लशीला नकार'."

माझं डोकंच फिरलं. "नकार? आम्हांला इचारलं कुनी? येकदाच हाक मारून फुडं जातंय ते काय असतंय, ठावं हाय का तुला?"

"नाही."

मग मी त्याला सांगितलं. पहिल्या हाकेचं, तिसऱ्या हाकेचं, सगळं.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणालं. "मला घडवणाऱ्यांनाही नव्हतं. किती वेळा हाक मारायची?"

"तीनदा."

"सगळ्या लसदूतांना उपग्रहावरून कळवलं. पण वेळ थोडा आहे. दिवस कलला की लाँच मला पलीकडे तोरणेवाडीला नेणार. पेटीतला बर्फ आजच्यापुरताच आहे."

आम्ही परत निघालो. कुठल्या घरापुढं थांबायचं नाही ते मी वाटेत सांगत होते. गोदाक्का नको. बंडूमामा नको, तोही गेला.

"आणि शेवंता कदम?"

"तिलाबी नगं," मी म्हणाले, आणि भराभर पावलं उचलली.

आधी नानांचंच दार गाठलं. ते उघडलं तर बाकीची उघडणार होती.

"नाना!" आत खुडबुडही नाही. "नाना!" आतून कडी चाचपल्याचा आवाज आला. "ओ नाना!"

दार बोटभर उघडलं. फटीतून नानांचा एक डोळा दिसला. तो आधी त्या यंत्रावर आणि मग माझ्यावर थांबला. "कार्टे, तू हितं काय करतीयास?" म्हणत ते बाहेर आले. हातात काठी होती.

"तीनदा हाक मारलीस म्हंजी भूत न्हाईस. पर तू शेवंताबी न्हाईस."

"नाही. मी लस टोचणारं यंत्र आहे. आवाज तेवढा त्यांचा आहे."

"मग येक सांग. आमची शेवंता पोर श्वासासाठी तडफडली, तवा कुटं हुतीस? तवा जगात लस नव्हती व्हय?"

आजूबाजूच्या खिडक्या किलकिल्या झाल्या होत्या. मला वाटलं, आता हे यंत्र काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार.

"होती," ते आत्याच्या आवाजात म्हणालं. "इथवर पोचली नाही. ज्यांच्याकडे होती त्यांनी ती स्वतःपुरती ठेवली. ते चुकलं."

नाना उंबऱ्यावर बसले. तीन वर्षांत एवढं साधं वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. डोळे पुसायलाही ते विसरले.

"टोचल्यावर काय हुतंय?" त्यांनी विचारलं.

"हात दुखेल. एखादा दिवस अंग मोडून येईल, ताप येईल. क्वचित एखाद्याला जास्त त्रास होतो, म्हणून टोचल्यावर मी अर्धा तास इथंच थांबणार. या लशीत विषाणू नाही, त्याची खूण आहे. ती बघून शरीर प्रतिपिंडं बनवतं आणि खूण लक्षात ठेवतं." (प्रतिपिंडं म्हणजे आपल्या रक्तातले राखणदार. ते विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत घुसू देत नाहीत.) "लस घेऊनही एखादा आजारी पडू शकतो. पण श्वासासाठी तडफडायची वेळ फार क्वचित येईल."

तोवर आई आमच्या दारात येऊन उभी होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. इतका वेळ धरून ठेवलेला प्रश्न तिनं तिथूनच विचारला. "आन् ह्याला?"

"त्याला देता येत नाही. तो फार लहान आहे. सहा महिन्यांचा झाल्यावर देता येईल."

"तवर काय करू मी?" आईचा आवाज फाटला.

"तोवर त्याला तुम्ही सगळे राखायचं. त्याच्या आसपासच्या सगळ्यांनी लस घेतली, तर विषाणूला त्याच्यापर्यंत पोचायला माणूसच सहज सापडत नाही. याला समूह-प्रतिकारशक्ती म्हणतात." (शेताला चहूबाजूंनी राखण असली, की मधल्या कोवळ्या रोपापर्यंत रानडुक्कर सहसा पोचत नाही. पण एक बाजू मोकळी राहिली, की संपलं.)

नानांनी बाळाकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि सदऱ्याची बाही वर सारली. "आदी मला टोच. आन् निशे, बग, रडतोय का मी."

ते रडले नाहीत, पण तोंड असं काही वाकडं केलं, की खिडक्यांमधली माणसं हसली. त्यानंतर दारं उघडायला वेळ लागला नाही. तरी प्रत्येक घरापुढं ते यंत्र तीनदा हाक मारायचं आणि आतलं माणूस मुद्दाम तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. आत्याच्या आवाजातलं आपलं नाव तीनदा ऐकायला मिळतंय, तर कोण सोडेल? आबांनी ओ दिली तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आत्या त्यांची मोठी बहीण होती.

सगळ्यांचा अर्धा तास झाला. निघताना ते यंत्र आमच्या अंगणात थांबलं.

"या घरात एक माणूस जास्त आहे. त्याचं नाव माझ्याकडे नाही. त्याच्यासाठी परत यायचंय, तर हाक कोणाला मारू?"

आईनं आबांकडे पाहिलं. मग आबा हळूच म्हणाले, "इंद्रजित." एवढुसं पोर आणि केवढं ते नाव! पण आबांनी ते मनात कधीपासून धरून ठेवलं असावं.

आईनं बाळाला पुढं धरलं. यंत्र वाकलं. काळी काच बाळाच्या कानाशी आली आणि शेवंताआत्या, जिनं हे बाळ कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्या कानात म्हणाली, "इंद्रजित… इंद्रजित… इंद्रजित."

बाळानं डोळे मोठे करून ऐकलं. बारशाला नाव सांगितल्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे, ती एकदम मला आठवली. मी मागून गेले आणि त्या पत्र्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. असा दणका घुमला, की नाना दचकले आणि मग सगळेच हसत सुटले, डोळ्यांतलं पाणी पुसत.

"ही कृती मला कळली नाही," यंत्र म्हणालं.

"फुडच्या टायमाला सांगते," मी म्हणाले.

लाँच त्याला घेऊन धुक्यात दिसेनाशी झाली. आम्ही सगळे धक्क्यावरच थांबलो. घरी जा असं नानाही म्हणाले नाहीत. पाण्यापलीकडे तोरणेवाडी होती, पण दिसत नव्हती. बराच वेळ नुसतं पाणी दगडांवर आपटत राहिलं.

मग लांबून आत्याचा आवाज आला. कोणाच्या तरी दाराशी ती हाक मारत होती. नाव नीट कळत नव्हतं. एकदा. दुसऱ्यांदा. आईनं माझा हात घट्ट धरला. तिसऱ्यांदा.

आणि त्या काठावरून, बारीक पण अगदी स्वच्छ, कोणीतरी ओ दिली.