फिनदादाच्या इंजिनाची काच

ही गोष्ट खरी आहे. मी म्हातारपणी मठात बसून अक्षरं शिकलो, ती खोटं लिहायला नाही.

आमच्या बौद्ध पंचांगाचं २४९८ साल. सोंगक्रानचा, आमच्या नववर्षाचा सण नुकताच संपलेला. दक्षिणेच्या रेल्वेमार्गावर नारळीच्या बागा मागे पडल्या की एक लांब चढ लागतो. तिथे, भर दुपारी.

मी भट्टीत लाकडं टाकायचो. चालक होते छलुआयकाका. इंजिन मॅकआर्थर... अमेरिकनांनी लढाईसाठी बनवलेलं. ती सगळी इंजिनं एका साच्यातली. एकाचा भाग दुसऱ्याला न घासता बसायचा.

तिथेच घात झाला.

त्याआधी फिनदादाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला होता. तोही माझ्यासारखाच भट्टीत लाकडं टाकणारा. फिनदादा आणि त्याचा चालक, दोघंही वाफेत गेले.

फिनदादा आधीच सांगत होता, "साहेब, पाण्याची काच खोटं बोलते. बॉयलरमध्ये पाणी नसलं तरी अर्धी भरलेली दाखवते."

इंजिनशेडचा फोरमन सवेंग म्हणाला, "काच नाही, तुझे डोळे खोटं बोलतात. गाडी काढ."

आणि बॉयलर फुटल्यावर तोच सगळ्यांसमोर म्हणाला, "दारू पिऊन झोपला होता. पाणी कोण बघणार?"

फिनदादा इंजिनावर कधीच प्यायला नाही. पण लोकांना तेवढं पुरलं. त्याची बायको लमुन फलाटावर केळीच्या पानातला चिकट भात विकायची. तिच्या टोपलीकडे कोणी फिरकेना. "बेवड्याच्या घरचं नको," म्हणायचे. तिला ऐकू जाईल असं.

मग आमच्या इंजिनाची काच तडकली. सवेंगने फिनदादाच्या मेलेल्या इंजिनाची काच आणवली, तोट्यांसकट.

काका म्हणाले, "निदान फुलं वाहून विचारून घ्या. प्रत्येक इंजिनात त्याला राखणारी आई असते. न विचारता घेतलेलं पचत नाही."

"अमेरिकेत कुठली तुमची आई, म्हाताऱ्या? लोखंड आहे ते. बसव."

बसवलं.

चढ लागला. काच अर्धी भरलेली. मी ओंडका उचलला...

टक... टक.

माझा हात तिथेच थांबला.

लाकडात विंचू असतात. ते जळू नयेत म्हणून फिनदादा आधी दोन ओंडके एकमेकांवर आपटायचा. शेडमध्ये दुसरं कोणी तसं करत नसे. "विंचवांचा मामा," म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

मागे लाकडांच्या ढिगावर कोणी नव्हतं.

"काका, ऐकलंत?"

"तू लाकडं टाक."

मी टाकली. पेटेनात. वैशाखातली वाळलेली लाकडं... हाताला ओली लागली. नदीतून काढल्यासारखी.

आग बसत गेली. वाफ उतरली. गाडी चढावर थांबली.

मग सगळंच थांबलं. किड्यांची किरकिर नाही, वारा नाही. फक्त...

टक... टक.

आवाज काचेतून येत होता.

काका काचेकडे वळले. "तिची खालची तोटी उघड."

उघडली. काचेतलं पाणी वाहून गेलं. तोटी बंद केली. पाणी परत चढलंच नाही.

काच खोटं बोलत होती. बॉयलरमध्ये पाणी किती खाली गेलंय, आम्हाला ठाऊकच नव्हतं. आग पेटती राहिली असती तर...

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये लमुन आली, आम्ही सगळे आलो. काका सवेंगला म्हणाले, "आता सगळ्यांसमोर म्हणा. फिनची चूक नव्हती."

"तुम्हीही प्यायला होतात वाटतं," सवेंग हसला. काच चांगली आहे हे दाखवायला तो इंजिनावर चढला. भट्टी रात्रभर विझलेली. मी स्वतः त्या लोखंडाला टेकून उभा होतो. थंडगार.

त्याने तोटीला हात लावला...

तो ओरडला. तळहाताची कातडी तोटीलाच चिकटून राहिली. वाफेने भाजल्यासारखी.

लमुन शांतपणे म्हणाली, "म्हणा, साहेब."

तो ते म्हणाला नाही. हात कापडात गुंडाळून निघून गेला. शेवटपर्यंत म्हणाला नाही. थकून घरच्या पलंगावर मेला.

काच आम्ही काढली. फुलं वाहून, माफी मागून, मठात फिनदादाच्या अस्थींजवळ ठेवली. लमुनचा भात आम्ही रोज तिच्यासमोर उभं राहून खायचो, लोकांनी बघावं म्हणून.

आता तीही गेली. काकाही गेले. शेड पाडली. पण परवा चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "जुनी इंजिनं ना? एक दारुडा झोपला आणि बॉयलर फुटला."

माझ्या मागे... टक... टक.

मी वळलो नाही. त्या माणसाची कॉलर धरली आणि सगळं सांगितलं. आवाज थांबला.

पण जाण्याआधी पुन्हा एकदा आला. अगदी माझ्या कानाजवळ.

माझ्यानंतर कोण सांगणार, हे विचारत असावा.