छातीशी गुंफलेले हात

पार्ल्याच्या प्रसूतिगृहात रुजू व्हायला गेले, तेव्हा व्हरांड्यात एक गृहस्थ खुर्चीच्या हाताला एकाच हाताने दोऱ्याच्या गाठी मारत बसले होते. मला वाटलं, खुर्च्या विणणारा!

"ही झाली की आतल्याही बघा हं," मी ठसक्यात सांगितलं.

"बघू की... पण आधी ही टाक्याची गाठ शिका. डॉक्टर पद्मजा ना?"

हेच डॉक्टर श्यामकांत! यांच्याच हाताखाली मला प्रसूतिशास्त्र शिकायचं होतं. धरणी दुभंगली असती तर बरं, असं झालं मला.

त्यांची एक रीत होती. शिकाऊ डॉक्टरच्या हाती सुरी दिली की ते समोर उभे राहायचे, हातमोजे घातलेले हात छातीशी गुंफून. "माझे हात मध्ये आले, तर तुमचे शिकणार कधी?" म्हणायचे. मला त्यांचं ते उभं राहणं आवडायचं. खरं सांगायचं, तर तेच आवडायचे.

खाडीपलीकडच्या मनोरीची शेवंती बाळंतपणात अडली, तिला होडीतून आणली. माझं पहिलं सिझेरियन! रक्त आलं, माझा हात क्षणभर थबकला... आणि त्यांनी माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. मी मात्र व्हरांड्यात येऊन रडले. ते मागोमाग आले.

"मला जमलं असतं, सर."

"ठाऊक आहे."

"मग?"

"पेशंटच्या आधी मला तुमचा चेहरा दिसला. तुम्हाला अपयश येऊ नये, एवढंच सुचलं. हे शिकवणं नव्हे... पद्मजा." 'डॉक्टर' गळून पडलं होतं. "उद्यापासून डॉक्टर मृणालिनीबाईंकडे शिका. त्या कडक आहेत. मी आता तुमचा गुरू व्हायला लायक उरलो नाही."

राग आला. आनंदही झाला – रागाहून जास्त.

पुढचं सिझेरियन मृणालिनीबाईंसमोर मी केलं, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत. बाई फक्त "हं" म्हणाल्या. बाहेर आले तर व्हरांड्यात श्यामकांत! खुर्चीचा हात गाठींनी पार झाकून गेलेला.

"केवढ्या गाठी या!"

"हात रिकामे ठेवले असते, तर आत आलो असतो."

"आता ठेवा रिकामे," मी म्हटलं. दोरा काढून घेतला, आणि त्या हातात माझा हात दिला.