मास्तरांचा तंबोरा

"ऐकू येत असंल तिला, तर येऊ दे. काय हाय ते कळत न्हाई तोवर बिघडलं कुठं?"

हे बोलणं स्नेहलसाठी नव्हतं. ती गच्चीवर उन्हात कुरडया उलटत होती, आणि खाली मोरीपाशी तिच्या सासूबाई, राहीबाई, मुलाशी बोलत होत्या. मुलगा म्हणजे स्नेहलचा नवरा, गोरक्ष. गच्चीचा हा एक गुण असतो. वरचं कुजबुजणं खाली पोचत नाही, खालचं मात्र सगळं वर येतं. नव्या सुनेला घर समजून घ्यायचं असेल तर तिनं वाळवणं घालावीत, हे एव्हाना तिला कळून चुकलं होतं.

गोरक्ष काहीतरी पुटपुटला. त्यावर राहीबाई म्हणाल्या, "वर्षश्राद्ध होऊ दे एकदा. मग समदं शांत हुतंय."

स्नेहलनं हातातली कुरडई उलटली, पुढची उचलली. चेहऱ्यावर काही दिसू न देणं तिला माहेराहूनच जमत होतं.

राहात्यात 'मास्तर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढं यायचा. तिचे सासरे, पुंजाराम मास्तर; घरात अण्णा. शाळेत संगीत शिकवायचे, आणि शाळा सुटली की घरी, पेटी पुढ्यात घेऊन, येईल त्याला. फी म्हणून पेरूच्या हंगामात कुणी पाटीभर पेरू ओट्यावर ठेवले तर ठेवले. भजनी मंडळांचे पेटीवाले, लग्नाच्या बँडमधले गाणारे, शिर्डीच्या हॉटेलांतून संध्याकाळी भक्तिगीतं म्हणणारी पोरं, सगळे मास्तरांच्या हाताखालून गेलेले. स्नेहल बाजारात गेली की भाजीवाली विचारायची, "मास्तरांची सून का गं?" आणि कोथिंबिरीची एक काडी जास्त पडायची. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी जमीन-जुमला फारसा पाहिला नव्हता. घराचं नाव पाहिलं होतं.

मास्तरांना तिनं पाहिलं नव्हतं. लकवा होऊन त्यांची उजवी बाजू गेली, मग वाचा गेली, आणि बरेच महिने मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून ते गेल्या चैत्रात वारले. वर्षाच्या आत शुभकार्य उरकायचं म्हणून गोरक्षचं लग्न घाईनं झालं. तिच्या वाट्याला आला तो फक्त फोटो. काळी टोपी, कपाळाला बुक्का, आणि तोंड किंचित उघडं. फोटोवाल्यानं नेमका सूर लावतानाच बटण दाबलं होतं, असं घरात सांगत.

आणि एक तंबोरा. खरा नव्हे, मशीनचा. सेवानिवृत्तीच्या सत्काराला विद्यार्थ्यांनी दिलेला, जेवणाच्या डब्याएवढा, विजेवर चालणारा. बटण फिरवलं की तारा छेडल्यासारखा एकसारखा झंकार सुरू. दुपार कलली की राहीबाई मागच्या खोलीत जाऊन तो लावत आणि दिवेलागणीला बंद करत. मास्तर अंथरुणावर होते तेव्हाही लावत, आणि ते गेल्यावरही त्यात खंड नव्हता.

गल्ली या गोष्टीनं विरघळून जायची. समोर राहणारा फैयाज तर जास्तच. मास्तरांच्या साथीला तबल्यावर बसून त्याचे केस पिकले होते. रोज दुपार कलल्यावर असरची नमाज पढून येताना तो मागच्या खिडकीखाली थांबायचा, कानाच्या पाळीला बोट लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा.

"नशीबवान आहात, वहिनी," तो एकदा स्नेहलला म्हणाला. "गुरुजींची जीभ गेली, पण सूर न्हाई गेला. शेवटच्या दिवसापर्यंत मी इथं उभं राहून ऐकलंय. मशीनच्या मागं त्यांचा आवाज लागायचा... बारीक. खर्जातला सा. अजूनबी लागतो. ही तपश्चर्या हाय, दुसरं काय?"

स्नेहलनं मान हलवली. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं. माहेरी, श्रीगोंद्याला, तिनं ऐकलेला सगळ्यात लांब सूर म्हणजे साखर कारखान्याचा भोंगा. त्यामुळं फैयाजला जे ऐकू यायचं ते तिला कधीच ऐकू आलं नाही. तिला आलं ते वेगळंच.

गच्चीवरच्या त्या दिवसानंतरची गोष्ट. राहीबाई साकुरीला कुणाच्या तरी डोहाळजेवणाला गेल्या होत्या, गोरक्ष शिर्डीत आपल्या फुलं-प्रसादाच्या दुकानावर होता. जाताना राहीबाईंनी तंबोरा लावला आणि बजावलं, "हात लावू नको, चालू राहू दे." घरात ऊन असं साचलं होतं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. स्नेहल लसूण सोलत बसली. मागून तो झंकार, वर पंख्याची खरखर.

आणि लाईट गेली.

पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. फ्रिज गप्प झाला. गल्लीतल्या सगळ्या घरांतलं काहीबाही एकदम थांबलं, आणि उन्हाळ्यातली दुपार जशी भांड्यावर झाकण पडावं तशी घरावर पडली.

मागच्या खोलीतला आवाज मात्र थांबला नाही.

तो आता झंकार नव्हता. तारेचा नव्हता. एक लांब, घोगरा, आतून ओढून काढल्यासारखा आ... तो यायचा, ताणला जायचा आणि तुटायचा. मग थोडी शांतता. त्या शांततेत कुणीतरी श्वास आत घेत होतं. मग पुन्हा तेच.

मशीन श्वास घेत नाही, एवढं कळायला गाणं शिकावं लागत नाही.

ती उठली. का उठली ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फिनेलचा वास, आणि फिनेलखाली दबलेला दुसरा, जुन्या ओल्या गादीचा. पण गादी केव्हाच जाळून टाकली होती. लोखंडी खाट उघडी होती. कोनाड्यात मशीन, त्याचा लाल दिवा विझलेला. आवाज खाटेवरून येत होता, उशी असायची त्या टोकाकडून. प्रत्येक श्वासाआधी एक बारीक चट्... कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटते, तसा.

तो चट् आवाज तिला ओळखीचा होता. तिची चुलती शेवटच्या आजारात अशीच करायची, आणि तिला चमच्यानं पाणी पाजायचं काम स्नेहलचंच होतं.

तिनं माठातून तांब्या भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि खाटेच्या उशाशी जमिनीवर ठेवला. ठेवताना फुलपात्र वाजलं. ती मागं सरकत दारापर्यंत आली.

आवाज थांबला.

लाईट आली तेव्हा तंबोरा आपोआप सुरू झाला. स्नेहलनं आत डोकावलं. फुलपात्र होतं तसंच पालथं होतं. फरशी कोरडी होती. तांब्या उचलला तर रिकामा.

त्या दिवसापासून दुपारचं भांडी-खरकटं आटोपलं की ती गुपचूप तांब्या भरून ठेवू लागली. झंकारामागचं ते दुसरं काही नाहीसं झालं. फैयाज खिडकीखाली थांबायचा, कान द्यायचा आणि गोंधळल्यासारखा निघून जायचा. राहीबाईंच्याही ते लक्षात आलं. एका दुपारी मशीनचा आवाज वाढवायला गेलेला त्यांचा हात मध्येच थांबला. त्या तिथंच उभ्या राहिल्या, ऐकत. मग त्यांना उशाशी तांब्या दिसला.

स्वयंपाकघरात येऊन त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्या बोटांची पेरं सांधेदुखीनं सुजून वाकडी झालेली होती. त्या हातांकडंच बघत म्हणाल्या,

"कळलं व्हय तुला?"

"हो, आई."

स्नेहल त्यांच्यासमोर बसली. मग राहीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "समदं गाव पाया पडायला यायचं. हार घेऊन यायचं. कुशीवर वळवायला एक मानूस आला न्हाई. गोरक्ष सकाळी दुकानावर जायचा तो रातीला यायचा. ह्या हातांनी मी चादरी पिळल्या, पोरी. पानी पाजलं की चादर. पुन्हा पाजलं की पुन्हा चादर. मग... दुपारनंतर देत न्हवते मी."

"आणि ते ओरडायचे."

"वरडायचे. गल्लीत ऐकू जायचं. मग गोरक्षनंच सांगितलं, मशीन मोठं लाव." त्यांनी डोळ्याला पदर लावला, पण डोळे कोरडे होते. "लोक म्हनायला लागले, मास्तर रियाज करत्यात. म्या काय सांगू त्यांना? न्हाई म्हनू?"

स्नेहलला त्यांची कीव आली, आणि ती आली म्हणून स्वतःचा रागही. राहीबाई उठल्या. पदर सारखा करत अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलंस. तुला जमतंय तर तूच ठेवत जा. वर्षश्राद्धाला तेवढं आठवनीनं ठेव. समदं गाव येनार हाय."

म्हणजे काम वाटून दिलं होतं. पापड लाटायचं, देवपूजेचं, तसंच हेही.

रात्री तिनं गोरक्षला विचारलं. तो कुशीवर वळला. "झालं ते झालं. अण्णांच्या नावानं संगीत विद्यालय काढायचं चाललंय, भजनी मंडळाच्या काकासाहेबांनी जागाही बघितली. नावावर तर उभं आहे सगळं. तू फक्त गप्प राहा." मग जरा हसून म्हणाला, "तशी तू गप्पच असतेस म्हणा."

वर्षश्राद्धाच्या सकाळी भटजींनी सांगितलं तसं गोरक्षनं ताम्हनात पळीपळीनं पाणी सोडलं. ओठ हलत होते, चेहरा गंभीर होता. आता बरं सुटतंय पाणी, असं स्नेहलच्या मनात आलं.

दुपारी मांडवात सतरंज्या पडल्या. ऊन उतरलं तशी माणसं येऊ लागली. फैयाजनं पांढरी टोपी, पांढरा सदरा घातला होता, आणि कुणी न सांगता पाण्याचा जग आणि पेला घेऊन तो रांगेतून फिरत होता. "गुरुजींच्या घरी आलेला माणूस तहानलेला जाऊ नये," म्हणत होता.

राहीबाईंनी स्वयंपाकघरात स्नेहलचं कोपर धरलं. "ठेवलास?"

"हो," स्नेहल म्हणाली.

तांब्या माठाशेजारी पालथा होता.

भजनी मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब बोलायला उभे राहिले. माईक त्यांना लागत नसे, तरी धरला. "लकव्यानं शरीर नेलं, वाणी नेली. पण शेवटच्या श्वासापर्यंत या घरातून तंबोरा वाजत होता! अशी साधना, आणि अशी सेवा करणारं घर!" त्यांनी राहीबाईंना हात जोडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राहीबाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. "आता मास्तरांच्या सूनबाईंनी तोच तंबोरा लावावा, आणि आपण सगळ्यांनी डोळे मिटून त्या सुरात मास्तरांना आठवावं."

स्नेहल आत गेली. मागच्या खोलीत संध्याकाळ बाहेरच्यापेक्षा आधीच उतरली होती. तिनं कोनाड्यातलं मशीन उचललं, पिन भिंतीतून उपसली, वायर त्याच्याभोवती गुंडाळली. खाटेकडं न बघता म्हणाली, "अण्णा, मला माफ करा. एवढी एकच दुपार."

खाट करकरली.

ती बाहेर आली तेव्हा आवाज सुरू झालेला होता. मांडव निःशब्द. माणसांनी डोळे मिटले होते, कुणी हात जोडले होते. पेटीवाल्यानं हलकेच एक पट्टी दाबली आणि आवाजाशी जुळवून बघितली. फैयाज जग हातात घेऊन उभा होता, दुसरा हात कानाच्या पाळीला, गालांवरून पाणी ओघळत होतं. आ... लांब, घोगरा. मग तुटला. मांडवभर माणसांच्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला.

चट्.

फैयाजनं डोळे उघडले. आधी त्याला स्नेहलच्या हातातलं मशीन दिसलं, मग त्याची लोंबणारी पिन. कानाजवळचा हात खाली आला. गोरक्ष उठला. "स्नेहल," तो दातांतून म्हणाला, "आत जा." राहीबाई उठल्या नाहीत. त्या दाराकडं बघत होत्या, आणि दाराकडं म्हणजे खाली, उंबऱ्याकडं.

आवाज आता खोलीतून येत नव्हता. तो स्नेहलच्या मागून येत होता, जमिनीच्या अगदी लगत, आणि त्याच्यासोबत काहीतरी फरशीवर घासत पुढं सरकत होतं. थांबत होतं. सरकत होतं. एकेक डोळा उघडत गेला. पेटीवरचं बोट कधीच उचललं गेलं होतं.

लग्न होऊन आल्यापासून स्नेहल चार माणसांत मोठ्यानं बोलली नव्हती. तिचा आवाज कसा आहे हे अर्ध्या गल्लीला ठाऊक नव्हतं. आत्ताही तो फार मोठा नव्हता, पण मांडवात शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला.

"तंबोरा माझ्या हातात आहे, आणि तो बंद आहे. तुम्ही इतके दिवस ऐकलात तो रियाज नव्हता. अण्णा पाणी मागत होते. आज मीही दिलं नाही... फैयाजभाई, तुमच्या हातातला जग जरा खाली धरा. त्यांना उभं राहता येत नाही."