चाकावरचा पंजा

फ्लॅशचा स्ट्रोब करणं काही अवघड नाही. जळगावात माझा फोटो स्टुडिओ होता आणि बिघडलेली वस्तू मी सहसा फेकत नसे. जुन्या फ्लॅशमधला मोठा कपॅसिटर काढून लहान बसवला की तो चटकन भरतो. एक निऑन बल्ब, एक फिरतं बटण, आणि फ्लॅश आपोआप लुकलुकू लागतो. बटणानं वेग जुळवला की भरधाव फिरणारं चाक जागच्या जागी उभं दिसतं. बायको म्हणाली, आता तेवढा संसारही उभा करा.

तो सत्त्याऐंशी सालचा, दसरा उलटल्यानंतरचा आठवडा होता. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रावर, माझा मित्र अभिमन फिटर होता. त्याचा बाप झुलाल त्याच यंत्रावर फिटर होता आणि सात वर्षांपूर्वी पट्ट्यात हात सापडून वारला. मालकानं पट्ट्याचं चाक नवं बसवलं, तरी तिथं काहीतरी डुगडुगतंय असं अभिमनला वाटायचं. कुणाला पटेना.

"रतिभाऊ, माले फक्त दाखाडी द्या," तो म्हणाला. "नही तर माले बी हाऊ पट्टा ओढी ली."

मी ठामपणे सांगितलं, दाखवतो.

दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून शेडमध्ये अंधार केला. चाकावरची जाळी काढली. खंडेनवमीच्या पूजेला तेलात कालवलेल्या कुंकवानं काढलेलं स्वस्तिक चाकावर होतं, मला खूण म्हणून तेच पुरेसं होतं. अभिमनची आई केसरबाई डबा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. मी दोघांनाही बजावलं, "चाक थांबलंय असं दिसेल. पण ते फिरतच असतं. कुणीही हात पुढे करायचा नाही."

यंत्र सुरू झालं. सरकीचा उग्र वास आणि पट्ट्याची फटफट. मी बटण फिरवलं. स्वस्तिक आधी मागे सरकलं, मग उभं राहिलं. चाक सरळ होतं. मला बरं वाटलं. अभिमनकडे बघून मी हसलोही.

खात्रीसाठी बटण आणखी किंचित फिरवलं आणि चाकावर पंजा दिसला.

कुंकवाचा, पुरुषी, बोटं पसरलेला. फ्लॅशचा वेग दुप्पट झाला तर दोन स्वस्तिकं दिसतात, पंजा दिसत नाही. मी यंत्र बंद करायला लावलं, बॅटरी मारून चाक पाहिलं. वाळलेलं स्वस्तिक, बाकी कोरं लोखंड. डोळे दिपले असतील म्हणून मी पुन्हा सुरू करायला सांगितलं.

पंजा पुन्हा आला. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

"आबा दरसाल चाकवर कुंकूना पंजा उठाडेत," अभिमन बापाबद्दल हळूच म्हणाला. "खंडेनवमीले. पन ते चाक तर भंगारमा गयं."

मागून केसरबाई कधी पुढे आली ते आम्हाला कळलं नाही.

"हाऊ त्यास्नाच हात शे," ती म्हणाली. "करंगळी देखा ना."

"माय, मांगे सर."

"चाक थांबेल शे, भाऊ."

"थांबलेलं नाही, अक्का!" मी ओरडलो.

तिनं उजवा हात उचलला. पुढच्या लखलखाटात तो चाकाजवळ होता. त्याच्या पुढच्यात पंजावर टेकलेला. बोटाला बोट.

मी फ्लॅशची वायर उपटली.

अंधारात फक्त चाकाची घरघर. अभिमननं चाचपडत खटका पाडला. मला गोणपाट ओढायची हिंमत होईना. जे दिसणार होतं ते मला माहीत होतं.

शेवटी मीच ओढलं.

केसरबाई उभी होती. हात शाबूत होता, साधा ओरखडाही नव्हता. चाक हळूहळू थांबलं. त्यावर ते वाळलेलं स्वस्तिक होतं.

अभिमन रडत तिचा हात उलटसुलट करून पाहू लागला आणि त्यानं तळहात उजेडाकडे धरला. तिचं कपाळ सात वर्षांपासून कोरं होतं. तळहातावर ओलं कुंकू होतं.

"गरम व्हता," ती म्हणाली.

मग तिनं डाव्या हातानं डबा उघडला आणि मुलाला वाढलं. उजवी मूठ तिनं मिटूनच ठेवली होती.