डेल्फिनोच्या पिकअपमधली पेटी

डेल्फिनो आर्चुलेताने कागद टेबलावर आपटला, तेव्हा बेनिता किन्तानाची कॉफी सांडली. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चोर कोण ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त तसं लिहून द्यायचं."

बेनिता एस्पॅन्योला गावातली एकुलती एक खाजगी तपासनीस. मकारियो तिचा धाकटा दीर. गाडी चालवायची आणि वहिनी बोलत असताना गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. दुसरं त्याला नीट जमत नसे.

डेल्फिनोचं गाड्यांना साउंड बसवून देण्याचं दुकान होतं. शनिवारच्या जत्रेत छोट्या पिकअपच्या साउंडची स्पर्धा होती, आणि त्याच्या व रोसालिया त्रुहियोच्या पिकअपमध्ये सीटमागे बसवलेली स्पीकरची पेटी इंचाइंचाने सारखी निघाली होती. रोसालिया सहा वर्षं त्याच्याकडे कामाला होती. ईस्टरला ती बाहेर पडली आणि घरच्या गॅरेजमध्ये तिने स्वतःचं दुकान थाटलं. तिला स्पर्धेतून काढायचं तर तिऱ्हाइताचा लेखी अहवाल आणा, असं जत्रेच्या कमिटीने सांगितलं होतं.

"माझ्याच पिकअपमध्ये बसून, टेप लावून एकेक माप घेतलंय मी," डेल्फिनो म्हणाला.

कागदावर पेटीचा आराखडा होता. जाडी सात इंच, बेसचे दोन स्पीकर, आत हवा किती मावेल त्याचा हिशेब, आणि खाली डाव्या कोपऱ्यात वीतभर खाच.

पिकअप दुकानाबाहेरच उभी होती. डेल्फिनोने बॉनेट उघडून बॅटरीपासून उजव्या बाजूने मागे नेलेली जाड वायर दाखवली. बॅटरीशेजारी कंपनीच्या पट्ट्यात आवळलेला, टायर बदलताना लागणारा जॅक होता. मग आवाज ऐकवायला तो आत बसला. सहा फुटांवर उंच माणूस. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी नाकतोड्यासारखे वर आले. मकारियोला हसू फुटलं.

"हसायला काय झालं?" डेल्फिनो गुरकावला आणि त्याने बटण दाबलं. बेस मकारियोच्या बरगड्यांत घुमला. असं वाजवणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटून गेलं.

पेटी कापली होती ओनेसिमो सुताराने. तो रोसालियाचा सख्खा काका. तिला करवत धरायला शिकवलं तेही त्यानेच. पेटी डेल्फिनोच्या पिकअपमध्ये बसवल्यावर खाचेच्या जागी पोकळ भोक दिसायला लागलं, म्हणून त्यावर फळी मारावी लागली, असं त्याने सांगितलं. खाच कशासाठी ते त्याने विचारलं नव्हतं. डेल्फिनोच्या कामावर आपलं पोट आहे, एवढंच तो म्हणाला. कागदाकडे एकदाच बघून त्याने तो पालथा ठेवला.

रोसालियाने त्यांना फाटकातच अडवलं. "त्याने पाठवलंय ना तुम्हाला? मग बघा आणि चालते व्हा."

ती जेमतेम पाच फुटी. तिची पिकअप दुसऱ्या कंपनीची. सीट पुढे ओढलेली, मागे तीच पेटी, आणि खाचेत जॅक चपखल बसलेला. जागा छान शोधलीस, असं मकारियो म्हणाला. ती मी नाही शोधली, कंपनीनेच तो तिथे बसवलाय, असं तिने फटकारलं. आराखडा तिने थंडीत जेवणाच्या सुट्टीत डेल्फिनोच्या दुकानातच काढला होता आणि निघताना तो खणात राहिला होता; मापं मात्र तिला पाठ होती. आता चोर म्हणून बोभाटा झालेला. सकाळीच एक गिऱ्हाईक फाटकातून परत गेलं होतं.

"कागद त्याच्याकडे आहे, वहिनी," परतताना मकारियो म्हणाला. "हिच्याकडे नुसतं तोंड."

"त्याचे गुडघे बघितलेस ना?"

"बघितले की. हसलोसुद्धा."

"मग नुसतं हसून का सोडलंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बेनिताने तिघांना आणि कमिटीच्या दोघांना डेल्फिनोच्या दुकानासमोर बोलावलं.

"आर्चुलेता, खाच कशासाठी ठेवलीत?" तिने विचारलं.

"वायरींसाठी."

"वायरी उजवीकडून जातात. आणि डावीकडच्या खाचेवर तुम्ही फळी मारून घेतलीत. तुमचा जॅक बॉनेटखाली आहे. रोसालियाचा सीटमागे, डाव्या कोपऱ्यात. ही खाच फक्त तिच्या पिकअपला लागते. आता जाडी घ्या. सात इंचांची पेटी मागे ठेवली की सीट पुढे ओढावीच लागते. पाच फुटी बाईला ती तशीच हवी असते. तुम्हाला मात्र गुडघे कानाशी घेऊन बसावं लागतं. स्वतःच्या गाडीत बसून माप घेणारा सहा फुटी माणूस पाच इंचांवर थांबला असता. मापं तिच्या पिकअपची, तिच्या उंचीची आहेत. चोरी झाली हे खरं. ती तुम्ही केलीत."

"बाई, तुला याच गावात राहायचंय," डेल्फिनो दातओठ खात म्हणाला. पण कमिटीच्या माणसाने त्याचं नाव यादीतून खोडलं होतं.

रोसालियाने आभार मानले नाहीत. ती सरळ ओनेसिमोपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, कागदावरचं अक्षर माझं होतं. ओळखलं नाहीत?"

म्हातारा बाहीवरचा भुसा झटकत राहिला. "पहिल्याच दिवशी ओळखलं," तो म्हणाला.

शनिवारी रोसालिया पहिली आली. लोकांच्या सगळ्यात मागे ओनेसिमो टाळ्या वाजवत होता. ती पिकअपमध्ये बसत असताना मकारियोने तिला तो दाखवला. तिने एकदा तिकडे पाहिलं, काच वर केली आणि गाडी चालू केली.