टबातल्या बाराजणी

"थांबा! उकळू नका!"

ओरडतच तो कारखान्याच्या मागच्या दारातून आत आला, ओल्या फरशीवरून घसरला आणि थेट टबाशेजारी येऊन बसला.

हातात ब्रश धरून ती बघतच राहिली. बाबांच्या या शंखांच्या कारखान्यात इतक्या घाईनं कधी कुणी आलं नव्हतं.

"होडीवाला म्हणाला, सकाळचे शंख इथं दिलेत. त्यातल्या एका गोगलगाईच्या पाठीवर पिवळी चकती आहे, सत्तेचाळीस नंबरची. अभ्यासासाठी तीन वर्षं मी तिच्या नोंदी ठेवतोय हो!"

तिनं जीभ चावली. "ती चकती… मला वाटलं, व्यापाऱ्याचं लेबल. घासून काढली मी."

टबात बाराही शंख तोंड मिटून पडले होते.

"मग आता?" तिनं विचारलं.

"वाट बघायची. घाबरल्यात बिचाऱ्या. बाहेर आल्या की ओळखेन."

"पाचला बाबा येतील. आल्या आल्या सगळं उकळत्या पाण्यात. ऑर्डर आहे."

दोघं टबाच्या काठावर हनुवटी टेकून समोरासमोर बसली. दहा वर्षं ती शंख घासत होती. पण ब्रश लागताच आतला जीव दडी मारायचा, त्यामुळे शंखाची मालकीण तिनं कधी पाहिलीच नव्हती. आणि आज… हळूच दोन देठ वर आले. देठांच्या टोकांवर डोळे!

"अगं बाई! ही माझ्याकडे बघतेय!"

"कोण नाही बघणार?" तो बोलून गेला आणि उगीचच पाणी ढवळू लागला.

तेवढ्यात एकीनं पाय रोवून टुणकन उडी मारली.

"चालता येत नाही यांना. जरा सरकायचं, थांबायचं… पुन्हा जरा सरकायचं."

"तुमच्यासारखंच की," ती म्हणाली. तासाभरात तो तीन फरशा तिच्या बाजूला सरकला होता.

साडेचार वाजले. तिनं दाराकडे पाहिलं.

"अहो, काही खूण तरी सांगा!"

"शंखाच्या ओठाचा… टवका उडालाय."

ओठ पाहून माल निवडण्यात तिची हयात गेलेली. तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"ही तर मघापासून तुमच्या नाकासमोर आहे!"

"हो."

"हो काय? मग बोलला का नाहीत?"

"सापडली म्हटलं असतं, तर… निघावं लागलं असतं." त्यानं चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. "आणि बाकीच्या अकराजणींना सोडून जाववेना."

तिनं ब्रश बादलीत टाकला, पदर खोचला.

"तिकडून धरा. सगळ्यांना समुद्रात सोडू."

"सगळा टब? आणि बाबा?"

"बाबांना मी बघते. चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. पण रिकामे शंख किनाऱ्यावर ढिगानं पडलेत. ते वेचून ऑर्डर पुरी करीन. उद्या याल वेचायला?"

"रोज येईन!"

"रोज कशाला? ऑर्डर चारच दिवसांची आहे."

"मी… ऑर्डरचं बोलत नाहीये."

टब हिंदकळला. खारं पाणी दोघांच्याही पायांवर सांडलं.

"कळलं मला," ती म्हणाली. "आता नीट धरा."